मावशींचे टोमॅटो आणि एक वही



आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींनी गेल्या वर्षी बाजारातून आणलेल्या टोमॅटोंतला एक गोड, रसाळ टोमॅटो बाजूला काढला. त्याचे बी राखेत घोळून वाळवले आणि गॅलरीत रंगाच्या जुन्या बादल्यांमध्ये लावले. पाच रोपे जगली. नातीने रोज पाणी घातले. फळे धरली तेव्हा मात्र मावशी हिरमुसल्या. एका झाडाला लिंबाएवढी फळे, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याची आंबट, चौथ्याची तडकलेली. पाचव्या झाडाचे टोमॅटो तेवढे मूळ फळापेक्षाही गोड निघाले.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, बीच वाईट निघालं बघा. एका फळाचं बी, अन् पाच झाडांना पाच तऱ्हा!"

वाचकहो, "बीच वाईट" हे शब्द आपल्या वाडवडिलांना उद्देशून पिढ्यान् पिढ्या उच्चारले गेले. आजही शाळेत एखादे पोर मागे पडले की कुणीतरी हळूच म्हणतेच. म्हणून हे शब्द ऐकले की मला गप्प बसवत नाही. जन्माने कुणी हीन होत नाही, कर्माने होतो, असे तथागतांनी वसल सुत्तात सांगितले. माणूस म्हणजे टोमॅटो नव्हे, रोपांसारखी माणसांची निवड कधीच करायची नसते. पण टोमॅटोच्या बाबतीतही "बीच वाईट" हा निवाडा चुकीचाच आहे. कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा कारण पाहू.

बाजारातले बरेचसे टोमॅटो संकरित असतात. बियाणे तयार करणारे दोन वेगवेगळ्या वाणांचा हाताने संकर करतात. त्यातून येणारी पहिली पिढी सारखी दिसते. पण तिच्या पोटात आई आणि बाप या दोघांचेही गुण असतात, काही उघड, तर काही झाकलेले. त्या फळाचे बी आपण पेरले की दुसरी पिढी येते आणि झाकलेले गुण नव्या नव्या जोड्या जुळवून बाहेर पडतात. ग्रेगोर मेंडेल या मठवासी शिक्षकाने वाटाण्याची हजारो रोपे मोजून याचा नियम शोधला आणि १८६६ साली छापला. आई किंवा बापाचा एखादा झाकलेला गुण दुसऱ्या पिढीत सरासरी चारांतल्या एका रोपात उघड होतो. म्हणजे मावशींचे बी बिघडलेले नव्हते. त्यांच्या बादल्यांत पाच नवे टोमॅटो जन्मले होते.

असे भलतेच निघालेले टोमॅटो फेकून न देता त्यांतून नवे वाण घडवण्याचे काम साध्या घरगुती माळ्यांनी केले आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील क्रेग लाहूलियर आणि ऑस्ट्रेलियातील पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी ते सुरू केले. लाहूलियर पेशाने रसायनशास्त्रज्ञ, टोमॅटो हा त्यांचा छंद. अडचण अशी होती की जुने चवदार टोमॅटो माणसाच्या डोक्यावरून जातील इतके उंच वाढतात. जागा थोडी असेल त्यांनी काय करावे? बुटक्या, जाड खोडाच्या टोमॅटोच्या थोड्या जाती होत्या, पण त्यांत रंगांची आणि चवींची विविधता फारशी नव्हती. तेव्हा या दोहोंचा संकर करावा असे ठरले. पॅट्रिनाबाईंनी आपल्या परसात फुले हाताळून संकर केले.

पहिली पिढी आली ती सगळी उंच! दुसऱ्याने कपाळाला हात लावला असता. पण बुटकेपणा हा झाकला जाणारा गुण आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या उंच झाडांचे बी पेरले तेव्हा साधारण चारांतले एक रोप बुटके निघाले. जाड खोड आणि गडद, सुरकुतलेली पाने यांवरून ते लहानपणीच ओळखू येते. मग बुटकी रोपे ठेवायची, फळे चाखायची, उत्तम झाडाचे बी राखायचे, पुन्हा पेरायचे. वाण स्थिर व्हायला, म्हणजे आईसारखीच लेक निघायला, सात-आठ पिढ्या लागतात.

एवढे काम दोघांच्या परसात कसे मावणार? म्हणून शेकडो हौशी लोक जोडले गेले. कुणाकडे दहा रोपे, कुणाकडे चार. पगार कुणालाच नाही. अमेरिकेत हिवाळा असतो तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो, म्हणून बी टपालाने इकडून तिकडे जाई आणि एका वर्षात दोन पिढ्या निघत. २०१० नंतर एकेक वाण लहान बियाणे विक्रेत्यांकडे जाऊ लागले. आज अशा बुटक्या वाणांची संख्या शंभराच्या वर आहे. जांभळे, पिवळे, पट्ट्यांचे, पिकूनही हिरवेच राहणारे, आणि सगळे बादलीत मावणारे!

मी कारकून माणूस, माझे लक्ष गेले ते त्यांच्या नोंदींकडे. कोणता संकर, कितवी पिढी, कुणाच्या अंगणात वाढले, रंग कोणता, चव कशी, हे सारे लिहून ठेवले जाई. ही नोंद नसती तर विखुरलेल्या अंगणांतले टोमॅटो हे नुसते टोमॅटोच राहिले असते. यांतले अनेक वाण पुढे खुल्या बियाण्यांच्या शपथेखाली दिले गेले. कुणीही पेरावे, राखावे, वाटावे, त्यातून नवे घडवावे, पण त्याला पेटंटचे कुलूप लावून इतरांना अडवू नये, अशी ती शपथ.

नोंदीचे मोल आपल्याला वेगळ्या वाटेने कळले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरी, शेती दीड एकर. १९८३ साली त्यांना पटेल-३ या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्याने भेसळ म्हणून उपटल्या असत्या. दादाजींनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. त्यातून बारीक, चवदार तांदूळ निघाला. तेव्हा एचएमटी घड्याळाचा जमाना होता, म्हणून तांदळाचे नावही एचएमटी पडले. तो राज्याबाहेरही पोहोचला. दादाजींनी मात्र गावातल्यांना बी देताना कागद केला नव्हता. पुढे एका कृषी विद्यापीठाने आपल्याकडून बी नेले आणि श्रेय दिले नाही, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव २००५ साली झाला, पण गरिबीने पाठ सोडली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांचा तांदूळ लाखोंनी खाल्ला, नाव किती जणांना ठाऊक होते?

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त कंपनीच्या छापाचे पाकीट करून विकता येत नाही. शेतकऱ्याने घडवलेल्या वाणाची नोंदणीही होते. पण नोंदणीला पुरावा लागतो आणि पुराव्याला वही लागते.

मावशींकडे परत येतो. मी विचारले, "त्या पाचव्या झाडाचं बी कुठं आहे?" त्यांनी डबा पुढे केला. पाचही झाडांचे बी एकत्र! त्या गोड झाडाची ओळखच पुसली गेली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. नातीने मात्र दप्तरातली कोरी वही आणली.

आता पद्धत अशी ठरली आहे. डब्यातले बी पाच घरांत वाटायचे, प्रत्येकी चार बादल्या. प्रत्येक रोपाला क्रमांक. फळ आले की आकार, गोडी, रोग आणि लावणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे. उत्तम झाडाचे पूर्ण पिकलेले फळ घेऊन गर पेल्यात दोन-तीन दिवस ठेवायचा. वास येईल, वर साय धरेल, घाबरू नये. बियांभोवतीचा बुळबुळीत पडदा सुटतो. तळाचे बी धुऊन ताटलीत सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक झाडाची पुडी वेगळी, तिच्यावर क्रमांक आणि तारीख. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे पिढीगणिक वाण स्थिर होत जातो.

सात-आठ पिढ्या म्हणजे नात कॉलेजात जाईपर्यंतचे काम. तो गोड टोमॅटो पुन्हा सापडेल की नाही, सांगता येत नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर नातीने आजीचे पूर्ण नाव लिहिले आहे. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे माझंच ना?"

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!