आगाऊ उचल आणि आत्मशोध

काही पुस्तकांची कीर्ती घरात आधी येते आणि पुस्तक मागाहून. अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या 'ईट, प्रे, लव्ह' या प्रवासकथनाचे तसेच आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि २०१० मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. साहजिकच वाचक मोठ्या अपेक्षेने ते हाती घेतो. मिटताना मात्र मनात रुखरुख उरते.

संसार मोडला, मन खचले, म्हणून लेखिका वर्षभरासाठी घराबाहेर पडते. चार महिने इटलीत भोजनसुख, चार महिने भारतातील एका आश्रमात साधना आणि चार महिने बाली बेटावर या दोहोंचा मेळ. जपमाळेच्या १०८ मण्यांप्रमाणे १०८ प्रकरणे, प्रत्येक देशाच्या वाट्याला ३६. मांडणी चोख आहे, शैली प्रांजळ आणि खेळकर आहे. मध्यरात्री न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडणाऱ्या या स्त्रीविषयी वाचकाला आरंभी सहानुभूतीच वाटते.

निराशा पुढे येते. भारतात हिंडण्याचा बेत सोडून लेखिका आश्रमातच राहते. साधनेसाठी एका जागी स्थिर राहणे योग्यच. परंतु त्यामुळे भारत कुंपणापलीकडेच राहतो. इटली, इंडिया, इंडोनेशिया या तिन्ही नावांचे इंग्रजी आद्याक्षर 'आय', म्हणजेच 'मी', हा योगायोग लेखिकेने स्वतःच नोंदवला आहे. देश बदलतात, 'मी' मात्र बदलत नाही.

दुसरी बाब जमाखर्चाची. या प्रवासाचा खर्च प्रकाशकाने पुस्तकापोटी दिलेल्या आगाऊ रकमेतून झाला. लेखिकेने हे लपवलेले नाही. व्यापारात आगाऊ उचल घेण्यात कमीपणा नसतो. ठरलेला माल ठरल्या मुदतीत पोचवला की व्यवहार पुरा होतो. आत्मशोधाचे तसे नाही. तेथे रिकाम्या हाताने परतण्याचीही मुभा हवी. ज्या शोधाचे पुस्तक आधीच विकले गेले आहे, त्याला ती मुभा कितपत उरते? बालीत भेटलेल्या प्रियकरापाशी पुस्तक सुखाने संपते. पुढे त्यांचा विवाह झाला आणि २०१६ मध्ये ते विभक्तही झाले. यात उपहास करण्याजोगे काही नाही. आयुष्याची खातेवही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बंद होत नाही, एवढेच.

तरीही एक प्रसंग जमेच्या बाजूस मांडलाच पाहिजे. बालीतील एक घटस्फोटित वैद्य स्त्री आपल्या मुलीसह बेघर होण्याच्या बेतात असते. लेखिका आपल्या वाढदिवसानिमित्त मित्रमंडळींना पत्र पाठवते आणि सुमारे १८,००० डॉलर जमतात. पुढे जागेची खरेदी रेंगाळते, कुरबुरी होतात. तरी घराचे काम तडीस जाते. पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने हीच, कारण येथे 'मी' काही काळ बाजूला सरतो.

दुकान वा संसार वर्षभर बंद ठेवणे बहुतेकांना शक्य नसते. पण दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून ओळखीच्यांना चार शब्द लिहिणे गल्ल्यावर बसूनही साधते. त्यासाठी कोणाकडून उचल घ्यावी लागत नाही.