धीराचे भांडवल

आमच्या विद्यानगरातून समुद्र दिसत नाही. परंतु रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी विशाखापट्टणमला पोहोचता येते. तेथील गोदीची कथा सांगण्यास एक निमित्त घडले आहे, आणि ते चीनचे आहे.

शांघायच्या गोदीत बांधलेले 'अडोरा मॅजिक सिटी' हे प्रचंड विलासी जहाज, ज्यास आता सर्रास क्रूझ म्हणतात, १ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या सफरीस निघाले. लांबी ३२३ मीटर, प्रवासी पाच हजारांवर. असली जहाजे बांधणे ही आजवर मुख्यतः इटली, जर्मनी, फ्रान्स, फिनलंड यांची मिरास होती. चीनला ती कशी साधली?

जहाज पाण्यावर येईपर्यंत वर्षे लोटतात. तोवर पोलाद, यंत्रे व मजुरी यांत पैसा अडकून पडतो. इतका धीर सावकारापाशी नसतो. चीनमध्ये तो सरकारने पुरविला. गोदी सरकारी महामंडळाची, जहाज चालविणारी कंपनी त्याच महामंडळाच्या घरची आणि जहाजबांधणीच्या पाठीशी सरकारी बँका. आराखड्याचे ज्ञान मात्र इटलीकडून घेतले.

आता आपल्याकडे पाहू. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. त्यावरूनच त्यांच्या कंपनीस 'सिंदिया' हे नाव पडले. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून तिची कोंडी केली; राज्यही त्यांचेच. तरीही २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढल्याच वर्षी जपानी बॉम्ब पडून काम थांबले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते 'जलउषा'चे जलावतरण झाले. परंतु खाजगी भांडवलास तो भार फार काळ पेलला नाही. १९५२ साली गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला. साहस वालचंदांचे होते. धीर एकट्याचा पुरला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कोणी विचारील, या पैशातून उद्या धनिकांच्या जलविहाराची जहाजे बांधली तर? शाळेच्या खडूफळ्याचा हिशेब राखणाऱ्या आम्हांस ही शंका रास्त वाटते. आमच्या मते कसोटी जहाजावरील झुंबरांची नव्हे, गोदीत मागे राहणाऱ्या विद्येची आहे. जहाज निघून जाते. जोडारी, आरेखक व अभियंते राहतात आणि पुढचे जहाज, मग ते मालवाहू का असेना, तेच बांधतात. चीनने विलासी जहाजावर खर्चिलेल्या पैशाचे खरे मोलही तेथेच आहे.

या योजनेतील बांधणी-साहाय्याची मुदत २०३६ पर्यंत आहे. आज प्राथमिक शाळेत असणारी मुले तोवर हाताशी येतील. त्यांतील किती जणांना विशाखापट्टणम, माझगाव वा कोचीच्या गोदीत काम मिळाले, हे वाचकांनी त्या वेळी अवश्य विचारावे. हा धीर त्यांच्याच पैशाने विकत घेतलेला आहे.