डिझेलच्या विजयाची दुसरी बाजू

डिझेल इंजिन अधिक बलवान होते म्हणून वाफ हरली, हा समज अपुरा आहे. अमेरिकेतील सदर्न रेल्वेने दुसऱ्या महायुद्धानंतर मालगाड्यांसाठी घेतलेल्या एफ-३ आणि एफ-७ इंजिनांची शक्ती प्रत्येकी अवघी १,५०० अश्वशक्ती होती. वाफेची मोठी इंजिने त्याहून कितीतरी बलवान होती. परंतु चार डिझेल इंजिने जोडली, की एकच चालक ६,००० अश्वशक्ती हाताळू शके. वाटेत पाणी भरणे, राख काढणे, बॉयलरची सततची दुरुस्ती, हे सारे संपले.

१९५३ मध्ये वाफ पूर्णतः सोडणारी सदर्न ही अमेरिकेतील पहिली मोठी रेल्वे कंपनी ठरली. त्या बचतीतच बॉयलर कारागिरांची रोजी बुडाली. इंजिनांचे क्रमांक मुखोद्गत असणाऱ्यांनी हेही स्मरावे. अन्यथा तो इतिहास केवळ यंत्रांचा उरतो.