उच्चारांची उतरंड

इंग्रजी शब्दाच्या अखेरचा 'र' उच्चारावा की गिळावा, हा प्रश्न वरकरणी शाळेच्या वर्गातला वाटतो. वस्तुतः तो समाजातील सत्तेचा प्रश्न आहे. लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात 'कार' या शब्दातील 'र' गिळणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले गेले. तो ठळकपणे उच्चारणारा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील शेतकरी गावंढळ ठरला. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट घडले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली तेथील तीन मोठ्या दुकानांतील नोकरांचे बोलणे टिपले. श्रीमंतांच्या दुकानातील ६२ टक्के नोकरांनी हा 'र' पूर्णतः वा अंशतः उच्चारला. मध्यमवर्गीयांच्या दुकानात हे प्रमाण ५१ टक्के, तर स्वस्त मालाच्या दुकानात अवघे २० टक्के होते. ध्वनी तोच; एका देशात तो खेडवळ, दुसऱ्या देशात प्रतिष्ठित. ध्वनीला स्वतःची प्रतिष्ठा नसते, ती बोलणाऱ्याच्या ऐपतीतून त्याला चिकटते, हाच याचा अर्थ.

ज्याला 'शुद्ध इंग्रजी' म्हणून जगभर मिरविले गेले, तो उच्चार ब्रिटनच्या महागड्या निवासी शाळांतून घडला. पीटर ट्रडगिल यांनी १९७४ साली केलेल्या अंदाजानुसार तो बोलणारे लोक तेथील लोकसंख्येच्या सुमारे ३ टक्केच होते. तरीही बीबीसीने १९२६ साली उच्चार ठरविण्यासाठी सल्लागार समिती नेमली आणि याच मूठभरांची बोली घराघरांत प्रमाण म्हणून पोहोचविली. १९४१ साली, ऐन महायुद्धात, विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशरच्या हेलात राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बातमी तीच होती. पण ती कामगारवस्तीच्या आवाजात आल्यामुळे तिच्यावर विश्वास बसेना!

हा प्रश्न केवळ मानापमानाचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. तो पोटापाण्याचा आहे. मूळचे फिलिपिन्सचे मॅन्युएल फ्रॅगांटे होनोलुलूत कारकुनाच्या जागेसाठी झालेल्या लेखी परीक्षेत ७२१ उमेदवारांत पहिले आले. मुलाखतीत त्यांच्या उच्चारांवर बोट ठेवून त्यांना डावलण्यात आले. १९८९ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयानेही नोकरी नाकारणाऱ्यांचीच बाजू उचलून धरली. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वंश, लिंग, धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी आहे. उच्चाराचा वा वर्गाचा त्यात उल्लेख नाही.

भारतात या उतरंडीचे नवे रूप कॉल सेंटरांनी आणले. पुण्यातील वा गुरुग्राममधील तरुणाने रात्रपाळीत परके नाव घ्यायचे आणि परक्या हेलात बोलायचे, असे धडे या धंद्यात वर्षानुवर्षे दिले गेले. आता कर्मचाऱ्याचा आवाज ग्राहकाच्या कानी पडण्यापूर्वीच त्याचा हेल बदलणारी संगणकप्रणाली आली आहे. भांडवलाला त्याचे श्रम हवे आहेत. त्याचा मुलूख मात्र ऐकू यायला नको आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बोलणे समजलेच नाही तर काम कसे व्हावे? वैमानिकाचे किंवा डॉक्टरचे शब्द स्पष्ट कळलेच पाहिजेत. परंतु स्पष्टता आणि साहेबी हेल या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी माणसाच्या 'ट'साठी जीभ टाळूकडे वळते, इंग्रजाची दातांमागील हिरडीला टेकते. त्याने अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर आघात पडतो, मराठीत सर्व अक्षरे बहुधा सारख्या जोराने येतात. तेथे समजण्यात अडचण येऊ शकते आणि ती थोड्या शिक्षणाने दूरही होते. जे शिकवायचे ते हे. आणि समजून घेण्याचा निम्मा भार ऐकणाऱ्याने उचलला पाहिजे. स्कॉटिश प्राध्यापकाचे इंग्रजी कान देऊन ऐकणारा मुलाखतकार लातूरच्या विद्यार्थ्यापुढे मात्र कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा दोष कानांचा नसून मनाचा असतो.

हे मन केवळ इंग्रजीपुरते मर्यादित नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेली 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आली आणि लंडनच्या फुलवालीची कथा मराठी प्रेक्षकाला क्षणभरही परकी वाटली नाही. वाटणार तरी कशी? 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसून 'पाणी' म्हणायला लावणारे वर्ग येथे पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. 'न' आणि 'ण' यांच्या आड येथे जात उभी असते, एवढाच काय तो फरक.

म्हणून नोकरीच्या मुलाखतीत उच्चारावर गुण देणे थांबले पाहिजे. कामाला स्पष्ट संभाषण लागत असेल तर तेवढेच, आणि तेही आधी जाहीर करून, तपासले जावे. शाळांनी प्रमाण भाषा अवश्य शिकवावी, पण घरची बोली ही चूक असल्याचे सांगून नव्हे. लाज वाटून गप्प बसलेला विद्यार्थी कोणतीच भाषा शिकत नाही. आणि ज्याला बोलण्याचीच भीती घातली गेली, तो उद्या आपला हक्क तरी कोणत्या तोंडाने मागणार?