'येताना एक चांगला कॅमेरा आण!'

भारतात यायची तिकिटं काढली रे काढली की आम्हा अमेरिकावाल्यांना हा निरोप हमखास येतो. वर, "जास्त मेगापिक्सेलवाला बघ हं!" मंडळी, स्पष्टच सांगतो, नवशिक्याला त्याची काडीचीही गरज नाही.

साधा हिशोब करा. ६ बाय ४ इंचाचा छापील फोटो, इंचाला ३०० ठिपके. १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! मग ४० घेऊन करणार काय? लोणचं?

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड एक चतुर्थांश उरतो. तरी कार्यालयात शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारणारे आहेतच. पुढच्यांची टकलं लखलखतात आणि नवरा-नवरी काळोखात! हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कॅमेऱ्याची किंमत बघून तो बदलत नाही.

त्यापेक्षा खिशातला फोन काढा. आजीला खिडकीशी बसवा, उजेड एका बाजूने येऊ दे, फ्लॅश बंद. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. चेहरा पांढराफटक दिसला तर उजेड थोडा कमी करा. महिनाभर रोज एक फोटो असा काढा. मग नेमकं काय अडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल, तेव्हा खुशाल कॅमेरा घ्या. नाहीतर साठ-सत्तर हजारांचा डबा 'ऑटो'वर दोन लग्नं बघतो आणि कपाटात जातो.

मी येईन तेव्हा येईन. आजीचा फोटो मात्र आजच काढा.