गुडघ्यातली अक्कल

‘अक्कल काय गुडघ्यात आहे का तुझी?’ हा डायलॉग आपण सगळ्यांनीच ऐकलाय. शाळेत सरांकडून, घरी बाबांकडून आणि ऑफिसात बॉसच्या नुसत्या नजरेतून. पण गेले दोन महिने मी गुडघा या विषयाचा जो काही अभ्यास करतेय, त्यावरून सांगते, मंडळी, गुडघ्यात खरंच सॉलिड अक्कल असते.

अभ्यासाचं कारण, आमच्या मातोश्री. वय ६७, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘रिप्लेसमेंटचा विचार करा’ म्हटलं. दादा म्हणाला, लगेच उरकून टाकू. आईने एकच प्रश्न विचारला, ‘नंतर मला मांडी घालून बसता येईल का रे?’ दादा आणि मी एकमेकांची तोंडं बघत बसलो.

आता, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी असा आपला सगळ्यांचा समज. उघड-मीट, विषय संपला! प्रत्यक्षात मांडीचं हाड खाली दोन गोलाकार टोकांत संपतं आणि नडगीच्या हाडाचा माथा असतो जवळजवळ सपाट. म्हणजे टेबलावर ठेवलेले दोन चेंडू. पाय दुमडताना हे चेंडू नुसते मागे घरंगळत गेले, तर टेबलावरून पडतीलच. म्हणून ते घरंगळता घरंगळता पुढेही घसरतात. चिखलात रुतलेल्या रिक्षाचं चाक फिरतं जास्त आणि सरकतं कमी, थोडं तसंच. एकमेकांना छेद देणारे दोन क्रूसिएट लिगामेंट्स हा हिशेब सांभाळतात. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी ही गंमत १८३६ मध्येच लिहून ठेवलीये.

शिवाय बाहेरच्या बाजूचा चेंडू आतल्यापेक्षा जास्त मागे जातो. म्हणजे दुमडताना गुडघा थोडा वळतोसुद्धा! पाय पूर्ण सरळ झाला की नडगी किंचित बाहेर वळून चक्क लॉक होते. विरार लोकलमध्ये तासभर उभं राहता येतं ते बरंचसं या लॉकमुळे. ते उघडायला गुडघ्याच्या मागे एक छोटासा स्नायू तैनात असतो.

आणि लोड किती? सेन्सर बसवलेले कृत्रिम सांधे पेशंटना बसवून हे मोजलं गेलंय. साधं चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. वजन ६० किलो असेल तर एका पायरीला एका गुडघ्यावर २०० किलोंच्या वर! हे सगळं झेलणाऱ्या कूर्चेला ना नसा असतात ना रक्तवाहिन्या. त्यामुळे ती झिजताना बोंब मारत नाही आणि झिजली की नीट भरूनही येत नाही.

बिजागरीची चूक आपणच करतो असं नाही, मोठमोठ्या सर्जन्सनीही केली. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंती बिजागरी बसवून पाहिली. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. प्रॉब्लेम एकच : गुडघ्याला वळायचं असतं आणि बिजागरी वळत नाही. मग तो सगळा पीळ हाडावर यायचा आणि सांधा खिळखिळा व्हायचा. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आलेल्या ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघ्याने बिजागरी सोडून हाडांच्या मूळ आकाराचीच कॉपी केली. ते डिझाइन करणाऱ्या टीममध्ये होते डॉ. चित्तरंजन राणावत. २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचे गुडघे बदलणारे तेच हे डॉक्टर.

आपल्याकडे या ऑपरेशनला ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. पण वाटी बहुतेकदा तुमचीच राहते. फार तर तिला आतून प्लॅस्टिकची टिकली लावतात. दोन्ही हाडांची टोकं जेमतेम सेंटिमीटरभर तासायची, वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्याला धातूची प्लेट आणि मध्ये प्लॅस्टिक, इतकाच फंडा. बाजूचे लिगामेंट्स आणि स्नायू तुमचेच. पुढचा क्रूसिएट मात्र सहसा काढावा लागतो. अनेक डिझाइन्समध्ये मागचाही जातो आणि त्याचं काम प्लॅस्टिकचा एक खुंटा करतो. खुंटा कितीही हुशार असला, तरी मूळ गुडघ्याची ती घरंगळ-घसर जशीच्या तशी जमत नाही.

म्हणजे आईचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. चालायला गुडघा ६०-६५ अंश वाकला तरी भागतं, खुर्चीतून उठायला साधारण ९०-१००. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० च्या वर लागतात. ऑपरेशननंतर सहसा मिळतात ११० ते १२०. ऑपरेशनआधी किती वाकत होता, यावरही पुष्कळ अवलंबून. काहींना मांडी जमते, पण प्लॅस्टिकवर लोड नको म्हणून बरेच डॉक्टर नकोच म्हणतात.

मी आईला हे सगळं कागदावर चित्रं काढून सांगितलं. जिना? हो. बाजार? हो. दुखणं? बहुतेक जाईल. मांडी? नाही धरून चल. ती दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, ‘पूजेला खुर्ची चालते देवाला. जिना उतरून देवळात जाता आलं म्हणजे झालं.’ पुढच्या महिन्यातली तारीख तिने स्वतः फोन करून घेतली.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं, की दहापैकी आठ कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. तरीही साधारण पाचातला एक पेशंट पूर्ण खूश नसतो. काहींचं दुखणं राहतं आणि काहींना नवा गुडघा म्हणजे विशीतला गुडघा असं वाटलेलं असतं. त्यामुळे तुमच्या घरी हा विषय निघाला, तर कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला, हे नंतर विचारा. आधी आईबाबांना विचारा, त्यांना गुडघ्याकडून नक्की काय करून हवंय. ती यादी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणि तोवर स्वतःच्या मांडीचे स्नायू जरा कामाला लावा. दिवसभर खुर्चीत बसून आपणही तिसऱ्या मजल्याकडेच निघालोय, बॉस!