अंगठा गेल्यानंतरचे वर्ष

मधुमेहात पायाचा अंगठा काढावा लागला की घरचे लोक एकमेकांना धीर देताना म्हणतात, "अंगठ्यावर निभावले, पाय वाचला." त्या क्षणी ते खरेही असते. गँगरीन वर चढण्याआधी थांबले, टाके निघाले, ड्रेसिंग संपले, रुग्ण आपल्या पायांनी घरी आला. दवाखान्याच्या लेखी प्रकरण मिटते. माझे म्हणणे असे की त्या पायाचा सर्वांत धोक्याचा काळ त्याच दिवशी सुरू होतो. वणीसारख्या गावात, जिथून नाशिकचे जिल्हा रुग्णालय सुमारे ४५ किलोमीटरवर आहे, आपली आरोग्यव्यवस्था त्याच दिवशी त्या पायावरची नजर काढून घेते. पहिला अंगठा जाण्यात नशिबाचा, उशिराचा, शुगरचा वाटा असेल. दुसऱ्यांदा पाय कापावा लागणे हे मात्र बऱ्याच प्रमाणात पाठपुराव्याचे अपयश असते, आणि ते टाळण्याची साधने आपल्याकडे आधीपासून आहेत.

अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील २७७ रुग्णांचा दहा वर्षांचा मागोवा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाचा काही भाग पहिल्यांदाच काढावा लागलेले हे मधुमेही. त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांवर वर्षाच्या आत पुन्हा तशीच शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांत हे प्रमाण ४८ टक्के झाले आणि पाच वर्षांत ६१ टक्के. पहिल्या एका वर्षात २७ आणि पुढच्या दोन वर्षांत मिळून २१, म्हणजे चढण सुरुवातीलाच सर्वांत उभी आहे. जखमांचेही तेच. मधुमेहातील पायाची जखम भरल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांना ती पुन्हा होते, पाच वर्षांत सुमारे ६५ टक्क्यांना. म्हणूनच या विषयातले जाणकार अशी जखम 'बरी झाली' असे न म्हणता 'शमली' असे म्हणायला सांगतात. हे आकडे परदेशातले आहेत, हा आक्षेप मान्य. पण द्राक्षबागेत छाटलेल्या काड्यांवरून चालणाऱ्या, ओल्या मातीत अनवाणी उभे राहणाऱ्या पायाला टेक्सासमधल्या पायापेक्षा धोका कमी असेल, असे मानायला मला एकही कारण दिसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. हा आजार आता फक्त शहरांचा उरलेला नाही.

पुन्हा का कापावे लागते, याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: पथ्य. शुगर सांभाळली नाही, गोड सोडले नाही, मग दुसरे काय होणार? हे उत्तर अर्धवट आहे आणि ते सारा दोष रुग्णाच्या पदरात टाकते. साखर आटोक्यात ठेवायलाच हवी. पण वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मेलेली पायाची जाणीव साखर उतरली म्हणून परत येत नाही. शिवाय अंगठा गेल्यावर पायाचे गणितच बदलते. चालताना जमिनीला शेवटचा रेटा अंगठा देतो. तो नसला की तो भार शेजारच्या बोटामागच्या हाडाच्या टोकावर येतो, बोटे हळूहळू नखीसारखी वाकतात, तळव्याला नव्या जागी घट्टा पडतो. जाणीव शाबूत असलेला माणूस तिथे दुखले की लंगडतो, पाय उचलून टेकतो, दोन दिवस बसून राहतो. बधिर पायाचा माणूस तसाच चालत राहतो. घट्ट्याखाली रक्त साकळते, आतून जखम होते, आणि चपलेला डाग दिसतो तेव्हा जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो. मधल्या काळात कोणी ते 'कुरूप' समजून ब्लेडने कापते, कोणी मुंग्या येतात म्हणून गरम पाण्याचा शेक देते आणि कातडी भाजल्याचे कळतही नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर ही नवी जखम भरायला रक्तही पुरेसे पोचत नाही.

हे यंत्रशास्त्र आपल्या देशाला नवीन नाही. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडतात असे समजले जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की वेदना हरवलेला पाय रोजच्या वापरानेच जखमी होत जातो. पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायाला लावला. मऊ, दाब पसरवणाऱ्या मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जिला आरोग्य कर्मचारी 'एमसीआर चप्पल' म्हणतात, ती कुष्ठरोगाच्या कामातूनच आली. आजही राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात पायाची जाणीव गेलेल्या रुग्णांना ती मोफत दिली जाते. चेन्नईचे डॉ. विजय विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी, आधी पायाला जखम होऊन गेलेल्या २४१ मधुमेहींवरचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. विशेष पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना नऊ महिन्यांत नवी जखम झाली, तर नेहमीच्या चपला वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना. याउलट २००२ मध्ये अमेरिकेतील ४०० रुग्णांवरच्या चाचणीत विशेष बुटांचा फायदा दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण त्या चाचणीत पायाला मोठे व्यंग असलेले रुग्ण घेतलेले नव्हते आणि तुलना बुटाची बुटाशी होती. आपल्याकडे तुलना पातळ रबरी चपलेशी, आणि अनेकदा अनवाणी पायाशी आहे.

एकाच तळव्याला एकाच कारणाने, म्हणजे बधिरपणाने, जखम होते. त्या बधिरपणाचे कारण कुष्ठरोग असेल तर सरकार चप्पल देते, मधुमेह असेल तर पावती देते. ही विसंगती मला फार बोचते. आशाताई घरोघरी जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात तळव्याला वारंवार मुंग्या येतात का, वारंवार जखम होते का, हे प्रश्न आधीच आहेत. ते विचारले जातात कुष्ठरोगाच्या संशयासाठी. त्याच उत्तराशेजारी मधुमेहाची नोंद असली तर तो पाय वेगळ्या यादीत जायला हवा. आणि ज्याचे एखादे बोट गेले आहे, त्याचे नाव त्या यादीत सर्वांत वर हवे. मधुमेही पायाविषयीचा आंतरराष्ट्रीय कार्यगट अशा रुग्णाला सर्वोच्च धोक्याच्या गटात ठेवतो आणि दर एक ते तीन महिन्यांनी त्याचे पाय तपासायला सांगतो. वणीच्या ग्रामीण रुग्णालयात मनुष्यबळ कुठे आहे, असे कोणी विचारील. या तपासणीला शल्यचिकित्सक लागत नाही. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा, घोट्याजवळच्या नाडीवर बोट, बोटांच्या बेचक्यांत आणि चपलेच्या आत एक नजर, घट्टा असल्यास तो नीट तासणे: प्रशिक्षित परिचारिका हे काही मिनिटांत करते. दोन्ही पायांच्या त्याच जागी तापमानात २.२ अंश सेल्सिअसचा फरक टिकून राहिला, तर जखम उघडण्याआधीच इशारा मिळतो. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेभोवती बांधलेल्या आहेत. पाय कापण्याचा खर्च निघतो, तो पुन्हा कापावा लागू नये म्हणून लागणाऱ्या चपलेचा निघत नाही.

आणखी एक सल्ला कुटुंबाला कधी कधी ऐकू येतो: सारखे थोडे थोडे कापण्यापेक्षा एकदाच वरून काढून टाका. यात तथ्य नाही असे नाही. गुडघ्याच्या आसपास कापल्यास त्याच पायावर पुन्हा शस्त्रक्रिया क्वचित लागते. पण सॅन अँटोनिओच्या त्याच अभ्यासात असा मोठा भाग गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पाच वर्षांत दुसऱ्या पायावर शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले, कारण सगळा भार आता त्या एकाच पायावर येतो. वर कापल्याने प्रश्न सुटत नाही, पाय बदलतो. रक्तपुरवठा तपासून, शक्य असल्यास तो सुधारून, मग कुठे कापायचे हे ठरवणे वेगळे आणि कंटाळून वर जाणे वेगळे.

राहिला श्रद्धेचा प्रश्न, आणि वणीत तो टाळून पुढे जाता येणार नाही. चैत्रात खानदेशातून वणीजवळच्या सप्तशृंग गडाकडे पायी निघालेले लोक, कोजागरीला कावड घेऊन चढणारे, नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणाऱ्या बायका, ही या भागाची ओळख आहे. तिला कमी लेखून कोणाचाही पाय वाचणार नाही. पण तापलेल्या डांबरावर चालताना वेदना सोसणे हा नवसाचा भाग असेल, तर ज्याला वेदना कळतच नाही त्याने काय सोसले? त्याच्या वाट्याला फक्त फोड येतो. यात्रेच्या वाटेवरच्या प्रथमोपचार केंद्रांत रक्तदाब पाहतात, गोळ्या देतात. तिथे एक बाकडे पायांसाठी हवे. बोट गेलेला किंवा तळवा बधिर असलेला भाविक दिसला की त्याला चढण्याआधी तिथेच एमसीआर चप्पल द्यावी, वर जायला ट्रॉली आहे हे सांगावे, आणि त्याच्या गावच्या उपकेंद्राला त्याचे नाव कळवावे, म्हणजे परतल्यावर आठवड्याच्या आत कोणीतरी त्याचा तळवा उलटा करून बघेल.